पऱ्हाटी गोळा करताय? मग ट्रकमधून हवा आणि पाणी वाहणं आधी थांबवा

कापूस संपला की विदर्भात पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या उरलेल्या झाडांचं, काय करायचं हा प्रश्न ठरलेलाच, थोडी चुलीत जाते आणि बरीचशी शेतातच पेटवतात. आता ब्रिकेटवाले (काडीकचरा दाबून जळणाच्या विटा करणारे) घेतात, शिवाय २०२१ पासून केंद्राच्या समर्थ मिशनखाली औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत बायोमास जाळायला लावतायत, त्यामुळे गावोगावची पोरं या धंद्यात उतरलीत. आणि पहिल्याच सीझनला डिझेलमध्ये बुडतात. मीही बुडालो.

झालं काय, ट्रक डोंगरासारखा भरला, दोर आवळले, ६० किलोमीटर नेला आणि काट्यावर माल निघाला जेमतेम अडीच टन! जाऊन-येऊन १२० किलोमीटर, ४ चं अ‍ॅव्हरेज धरा, ३० लिटर डिझेल. म्हणजे टनामागे १२ लिटर, आणि एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टनामागे ३२ किलो धूर नुसता वाहतुकीचा. तोच माल कुट्टी करून ६ टन बसला असता तर टनामागे ५ लिटरमध्ये भागलं असतं.

पण म्हणून लगेच प्रत्येक शेतात ट्रॅक्टरवरचा श्रेडर फिरवत बसू नका, तो पण डिझेलच पितो आणि पाच-पाच क्विंटलसाठी या शेतातून त्या शेतात न्यायचा म्हणजे वाचवलेलं तिथंच गेलं. मला जमलेला मार्ग असा, १०-१२ किलोमीटरच्या आतल्या गावांची पऱ्हाटी मोकळीच ट्रॉलीने एका जागी आणायची, तिथे थ्री फेजवर मोटरची कुट्टी मशीन लावायची आणि लांबच्या ट्रकमध्ये फक्त कुट्टीच चढवायची. कुट्टी तर ब्रिकेट करायच्या आधी कुणाला तरी करावीच लागते ना, मग ती लांबच्या प्रवासाआधीच करून टाका. लाइट रात्रीची असली तर वैताग आहे, ते मान्य.

दुसरं म्हणजे ओल. ४० टक्के ओलीच्या १० टन मालात ४ टन पाणी असतं, ते आपण भाडं देऊन नेतो आणि मग ड्रायरमध्ये परत इंधन जाळून उडवतो. उपटलेली पऱ्हाटी दोन-तीन आठवडे शेतातच आडवी पडू द्या, ऊन फुकट आहे. ब्रिकेट मशीनला १०-१२ टक्क्यांच्या आसपास ओल लागते, म्हणून मॉइश्चर मीटर घ्याच, आणि शेतकऱ्याशी भाव ठरवतानाच सांगा की वाळलेल्या मालाला जास्त आणि ओल्याला कमी. नाहीतर काट्यावर भांडण होतं आणि पुढच्या वर्षी तो माणूस माल देत नाही.

माती! चिमट्याने उपटली की मुळाला ढेकळं येतात, ती तिथंच आपटून झाडायची. मातीचा माल मशीनची डाय (ब्रिकेटचा साचा) खातो, बॉयलरमध्ये राख वाढवतो आणि वजनातही आपणच फसतो.

वाळवायची म्हणून पावसाळ्यापर्यंत बांधावर गंजी ठेवायची नाही हं. उरलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी बसून असते, ती पुढच्या हंगामात परत कपाशीवर येते. कुट्टीत अळी मरते, त्यामुळे फरदड न घेणाऱ्या (म्हणजे तीच कपाशी पुढे लांबवून उशिराचा कापूस न घेणाऱ्या) शेतकऱ्याला आपण डिसेंबर-जानेवारीत रान मोकळं करून देतो हे नीट समजावलं तर भावात घासाघीस जरा कमी होते. डेपोवर पण एकच मोठा ढीग नको, ओली कुट्टी आतून तापते आणि सडते. मधे ट्रॅक्टर जाईल एवढी जागा सोडून लहान ढीग लावायचे, खाली उंचवटा आणि वर ताडपत्री, आणि विजेची तार डोक्यावर नको.

ट्रक रिकामा परत येऊ नये म्हणून ड्रायव्हरशी आधीच बोलून ठेवा, खत, सिमेंट, पेंड काहीही चालेल, पण त्याच्यासाठी वाट वाकडी करून ३० किलोमीटर जास्त फिरायचं नाही.

सोयाबीनचं कुटार मात्र मी घेत नाही, लोक विचारतात. ते जनावरांचं खाद्य आहे, उन्हाळ्यात त्याला बॉयलरवाल्यापेक्षा गोठेवाला चांगला भाव देतो.