त्वचेच्या इम्युनॉलॉजीत नव्याने येणाऱ्यांसाठी

सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करून मी पीएचडीला लागले, तेव्हा सायटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडतात ती प्रथिनं, हा जंतूंशी लढायचा हुकूम, एवढंच डोक्यात होतं. आयएल-२२ (इंटरल्युकिन-२२) या सायटोकाइनवर काम मिळालं आणि ही समजूत गेली. हा रेणू सोडतात टी पेशी आणि त्यांच्यासारख्या इतर प्रतिकारपेशी, पण तो ओळखणारा रिसेप्टर त्यांच्यावर नसतोच. तो असतो केराटिनोसाइटवर, म्हणजे बाह्यत्वचेच्या पेशींवर. निरोप पहारेकऱ्याचा, ऐकणारी मात्र भिंत! तो मिळाला की केराटिनोसाइट बीटा-डिफेन्सिनसारखी जंतुनाशक प्रथिनं बनवतात, विभाजन वाढवतात आणि पक्व होणं लांबवतात. जखम भरताना हे हवंच असतं.

निरोप थांबलाच नाही तर काय होतं, ते सोरायसिस या त्वचारोगात दिसतं. आयएल-२३ या दुसऱ्या सायटोकाइनने चेतवलेल्या टी पेशी आयएल-१७ आणि आयएल-२२ सोडत राहतात. एरवी महिनाभर लागणारा तळापासून वरपर्यंतचा प्रवास पेशी काही दिवसांत उरकते. अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालेलं सेक्युकिनुमॅब हे औषध आयएल-१७ए ला (आयएल-१७ च्या एका प्रकाराला) अडवतं आणि चट्टे जातात, पण काहींना कँडिडाचा बुरशीसंसर्ग होतो. त्यामुळे ‘हा रेणू चांगला की वाईट’ असं विचारू नका. किती, किती काळ आणि कुणाच्या सोबतीने, हे विचारा.

आता माझी चूक सांगते, कारण तिच्यात चार महिने गेले. हॅकॅट ही केराटिनोसाइटची अमर, म्हणजे प्रयोगशाळेत कितीही काळ वाढणारी, सेल लाइन डीएमईएम या पोषक माध्यमात छान वाढत होती. शस्त्रक्रियेतून उरलेल्या त्वचेतून काढलेल्या पेशीही मी त्याच माध्यमात ठेवल्या. वाढ थांबली आणि मी दोष दिला आयएल-२२ ला. खरं कारण कॅल्शियम. डीएमईएममध्ये ते १.८ मिलिमोलर असतं, आणि एवढ्यात प्राथमिक, म्हणजे थेट त्वचेतून काढलेल्या, केराटिनोसाइट पक्व व्हायला लागतात. त्यांना वाढवायचं तर ०.१ च्या आसपास ठेवावं लागतं. सायटोकाइन न दिलेली प्लेट मी नीट पाहिली असती, तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. तिथेही पेशी थांबल्याच होत्या.

तेव्हापासून प्रत्येक नव्या कुपीतला आयएल-२२ आधी पेशींवर अर्धा तास ठेवते आणि पेशीच्या आत हा निरोप पुढे नेणाऱ्या स्टॅट३ या प्रथिनावर फॉस्फेट चढलं का, ते वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, बघते. तिथे पट्टी दिसली नाही, तर पुढचा प्रयोग लावतच नाही.

आणि सुरुवातीलाच पॅथॉलॉजीत जाऊन सोरायसिसची एक स्लाइड मागा. निरोगी त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींत केंद्रक उरलेलं नसतं. इथे ते निळ्या ठिपक्यांसारखं अजून दिसतं. मी ही स्लाइड तिसऱ्या वर्षी पाहिली.