मासा जगला म्हणून पाणी निर्धोक? या चुका टाळा

रसायनाच्या पिंपासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात 'मासा, ९६ तास, एलसी ५०' असा आकडा असतो. म्हणजे ज्या प्रमाणाला चार दिवसांत निम्मे मासे मरतात ते. तो आकडा उचलून आपण थेट गोव्यातल्या जुवारी नदीबद्दल बोलू लागतो आणि तिथेच फसतो. बहुतेक वेळा तो गोड्या पाण्यातल्या माशाचा असतो. आपल्या मांडवी-जुवारीचे पाणी मेमध्ये मुखाशी समुद्राइतके खारे, तर जुलैत वरच्या अंगाला पार गोडे. तांब्याचेच पाहा. खाऱ्या पाण्यात ते जरा दबून असते, पावसाळ्यातल्या मृदू गोड्या पाण्यात तेवढेच तांबे माशाच्या कल्ल्यांवर कितीतरी जोरात बसते. चाचणी दोन्ही मोसमांच्या पाण्यात करा.

अमोनियाची गंमत आणखी वेगळी. विषारी असतो तो त्यातला मुक्त अमोनिया, आणि तो पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी यावर, नाचतो. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ८ ला सुमारे ५ टक्के, ९ ला ३५ टक्क्यांच्या वर. त्यामुळे पीएच आणि तापमान न लिहिता नुसता 'एकूण अमोनिया' दिलेला अहवाल मी तरी वाचत नाही.

रसायन न घातलेल्या टाकीतले मासे मेले तर? सुरुवातीला आमचे तसेच झाले होते. दोन दिवस रसायनाच्या नावाने बोटे मोडली, निघाला नळाच्या पाण्यातला क्लोरीन. मासे सोडण्याआधी क्लोरीन तपासा, उरला असेल तर तो मारणारे थायोसल्फेट घाला. या बिनरसायनाच्या, म्हणजे नियंत्रण टाकीत १० टक्क्यांहून जास्त मासे मेले तर ती चाचणी गेली, आकडेमोड करून ती वाचत नाही. प्राणवायू संपृक्ततेच्या, म्हणजे पाण्यात जास्तीत जास्त विरघळू शकेल त्याच्या, ६० टक्क्यांखाली गेला तरी तेच. मासा गुदमरून मेला की विषाने, हे नंतर कोण सांगणार? आदल्या दिवसापासून खाणेही बंद ठेवा.

टाकले तेवढे रसायन पाण्यात आहे, असे धरू नका. काही उडून जाते, काही प्लास्टिकला चिकटते. सुरुवातीला आणि शेवटी मोजा. फरक २० टक्क्यांहून मोठा असेल तर मोजलेलाच आकडा धरा.

आणि फक्त माशावर थांबू नका. आपल्याकडे सांडपाण्याची सामान्य अट १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगावेत अशी आहे. चिखलात बसलेल्या खुब्या-तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांची त्यात गणती नाही. जहाजांच्या तळाला लावायच्या रंगातले ट्रायब्युटिलटिन गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटवायचे, तेही लिटरमागे नॅनोग्रॅमच्या प्रमाणात. जागतिक बंदी सप्टेंबर २००८ मध्ये लागू झाली. एवढ्याशा प्रमाणात चार दिवस ठेवलेला मासा मात्र खुशाल पोहत राहिला असता.