पहिल्या पगारात टॅक्स जास्त कापला गेला, तेव्हा काय केलं (माझा अनुभव)

राहतो जर्मनीत लोराखला, नोकरी स्वित्झर्लंडमधे बाझलला. रोज एस-सिक्स लोकल, डब्यात पोळी-भाजी, कारण तिकडच्या कँटीनचे भाव बघूनच पोट भरतं. भारतीय पासपोर्टवाल्यांना ग्रेन्झगेंगर म्हणजे सीमेपलीकडून रोज कामाला येणाऱ्यांची जी परमिट सहज मिळत नाही हां, मला जर्मनीची पर्मनंट रेसिडेन्सी मिळाल्यावरच जमलं.

तर पहिली सॅलरी स्लिप उघडली आणि डोळेच पांढरे! रोज घरी परत येणाऱ्याचा स्विस टॅक्स जास्तीत जास्त 4.5 टक्केच कापता येतो, बाकीचा जर्मनीत भरायचा, आणि माझा तर सरळ पूर्ण रेटने कापलेला. एचआरला विचारलं तर म्हणे तुमचा ग्रे-१ फॉर्म कुठाय? हा जर्मन फिनान्झआम्टकडून, म्हणजे टॅक्स ऑफिसकडून, रहिवासाचा शिक्का मारून आणायचा असतो, मला पत्ताच नव्हता, जॉइनिंगच्या गडबडीत तो कागद मीच फाईलमधे तसाच ठेवलेला. शिक्का आणून दिला, पुढच्या पगारात फरक जमा. हा दाखला दरवर्षी लागतो, मोबाईलमधे जानेवारीचा रिमाइंडर लावलाय. आणि कामामुळे वर्षात 60 पेक्षा जास्त दिवस घरी परतला नाहीत तर ही सवलत जाते, म्हणून हॉटेलमुक्काम डायरीत लिहून ठेवतो.