सुटा शब्द नको, त्याचं कुळ शोधा

अवघड इंग्रजी शब्दांच्या लांबलचक याद्या घोकू नका. एक लॅटिन मूळ धरा आणि त्यातून आलेले शब्द एकत्र शिका. ‘बेने’ म्हणजे चांगलं, ‘माले’ म्हणजे वाईट. मग बेनेव्होलंट म्हणजे भलं चिंतणारा, मॅलेव्होलंट म्हणजे वाइटावर असलेला; बेनेफॅक्टर म्हणजे उपकारकर्ता आणि मॅलाइन म्हणजे एखाद्याची बदनामी करणं. चांगल्या शब्दकोशात व्युत्पत्ती दिलेली असते, ती वाचायचा कंटाळा करू नका. खरी गंमत तिथेच आहे.

प्रत्येक शब्द वापरून स्वतःचं एक वाक्य लिहा. नुसत्या अर्थांनी भरलेली वही माझ्या मते फारशी कामाची नाही. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने करा, आणि दर वेळी अर्थ झाकून आधी आठवून पाहा.