सेंट्रल लाइन टाकून झाली, आता पुढे?

आयसीयूत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतून हृदयाजवळ जाणारी नळी) टाकताना सगळे सोवळं पाळतात: हात धुणं, गाऊन, मास्क, त्वचेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक. ढिलाई होते ती नंतर, रात्री तीनच्या इंजेक्शनला. सिरिंज जोडण्याआधी दर वेळी अल्कोहोल स्वॅबने हब (लाइनचं सिरिंज जोडायचं बाहेरचं टोक) 15 सेकंद जोर देऊन घासा, आट्यांच्या खाचांसकट. मग आपोआप वाळू द्या. फुंकर मारून वाळवणारेही पाहिले आहेत, म्हणजे सगळ्यावर पाणीच! पारदर्शक ड्रेसिंग 7 दिवसांनी बदला, गॉजचं 2 दिवसांनी. कड सुटली किंवा ओलं झालं तर लगेच.

आणि राउंडला रोज विचारा, "डॉक्टर, ही लाइन अजून हवी आहे का?" अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या चमूने लाइनचा संसर्ग टाळायला राबवलेल्या पाच कलमांत नको असलेली लाइन काढणं हेही होतं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 1000 कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन म्हणजे एक कॅथेटर-दिवस) 2.7 असलेला, लाइनमुळे रक्तात होणाऱ्या संसर्गाचा मध्यक दर तीन महिन्यांत शून्यावर आला. तातडी नसेल आणि नियम मोडला जात असेल, तर तिथे डॉक्टरांनाही थांबवलं जाई. आपल्याकडे सिस्टरांना हे जड जातं, कबूल. म्हणून कन्सल्टंटांकडून तशी परवानगी आधीच लेखी घेऊन ठेवा.