पशुवैद्यकीय सहाय्यक व्हायचे आहे? नाशिकच्या विद्यार्थ्यांनी संस्था कशी पारखावी

दहावी-बारावीनंतर जनावरांच्या आरोग्यसेवेत काम करू इच्छिणाऱ्या नाशिक जिल्ह्यातील मुलामुलींसमोर आज सारख्याच नावांचे अनेक अभ्यासक्रम येतात. पशुधन पर्यवेक्षक, पॅरावेट (पशुवैद्यकाचा सहाय्यक), कृत्रिम रेतन तंत्रज्ञ, पेट क्लिनिक असिस्टंट ही नावे जाहिरातीत एकाच ओळीत छापली जातात, पण त्यांतून मिळणारे हक्क आणि काम यांत फार मोठे अंतर आहे. म्हणून संस्थेची चौकशी सुरू करण्याआधी आपल्याला नेमके कोणते काम करायचे आहे आणि ते करण्याची मुभा कायदा कोणाला देतो, हे समजून घ्यावे.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. त्याच कलमात एक सवलत दिलेली आहे: ठरावीक पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला राज्य शासनाच्या आदेशाने, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाखाली, किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि शासनाने अधिसूचित केलेले प्राथमिक उपचार या सेवांत मोडतात. रात्री-अपरात्री अडलेल्या गाईपाशी जो पोहोचेल त्याच्याकडूनच शेतकरी सगळ्या उपचारांची अपेक्षा करतो, त्यामुळे आपली मर्यादा कोठे संपते आणि डॉक्टरांना कधी बोलवायचे हे शिकवणारी संस्था मी सर्वांत वर ठेवीन. ‘कोर्स करा आणि स्वतःचा दवाखाना काढा’ असे आश्वासन देणारी संस्था पहिल्याच भेटीत यादीतून वगळावी.

यानंतर मान्यतेची तपासणी येते. नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू, पशुसंवर्धनाच्या पदविका अभ्यासक्रमांसाठी संस्थांना संलग्नता देते. संस्थेच्या माहितीपत्रकावर छापलेल्या शिक्क्यावर विसंबून न राहता तिचे नाव चालू वर्षाच्या यादीत आहे का, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर किंवा थेट कार्यालयात विचारून पाहावे. प्रवेशपात्रता आणि कालावधीही त्याच वर्षाच्या माहितीपत्रकात वाचावा, कारण हे नियम बदलत असतात. शासकीय नोकरीचा विचार असेल तर आणखी एक काम आवर्जून करावे. पशुधन पर्यवेक्षक हे पद २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत होते. त्या किंवा त्यानंतरच्या जाहिरातीतील शैक्षणिक अर्हतेचा मजकूर काढावा आणि आपल्याला मिळणाऱ्या पदविकेचे नाव त्याच्याशी शब्दशः ताडून पाहावे. अर्ज छाननीत बाद होण्यापेक्षा हा अर्धा तास स्वस्त पडतो.

पदविका आणि पदवी यांची गल्लत पालकांकडून बऱ्याचदा होते. पशुवैद्यक होण्यासाठी आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करावा लागतो आणि त्याचा प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो. पदविका केली की पदवीला आपोआप जागा मिळते, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

केवळ कृत्रिम रेतनाचे काम करायचे असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गोकुळ अभियानातील ‘मैत्री’ प्रशिक्षण हा वेगळा, लहान मार्ग आहे. ते सुमारे तीन महिन्यांचे असून त्यात एक महिना वर्गात आणि दोन महिने प्रत्यक्ष कामावर जातात.

कागदपत्रे समाधानकारक ठरली की संस्थेला भेट द्यावी, आणि ती सकाळी द्यावी. दुपारी बारा वाजता स्वच्छ इमारत, संगणक कक्ष आणि भिंतीवरची छायाचित्रे दिसतील, पण पहाटेच्या धारेच्या वेळी गेल्यास विद्यार्थी गोठ्यात आहेत की वसतिगृहात झोपलेले आहेत, हे कळेल. संस्थेकडे स्वतःची किती जनावरे आहेत, जनावर अडकवून ठेवण्याच्या एका खोड्याभोवती किती विद्यार्थी उभे राहतात आणि त्यांतील किती जणांचा हात जनावराला लागतो, हे मोजावे. उपचारांची नोंदवही पाहायला मागावी; रोज कोणती जनावरे येतात, कासदाह, पोटफुगी, व्यायल्यानंतर अडकलेली वार यांच्या नोंदी आहेत की पाने कोरीच आहेत, यावरून शिक्षणाचा खरा दर्जा समजतो.

कृत्रिम रेतनाचा सराव कसा घेतात, हे तपशिलाने विचारावे. गोठवलेल्या रेतमात्रेच्या (वीर्याच्या) कांड्या उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नत्रात (नायट्रोजनमध्ये) ठेवाव्या लागतात, आणि कांडी साधारणतः ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद वितळवून लगेच वापरावी लागते. गर्भाशयमुख हाताने ओळखणे फळ्यावर शिकता येत नाही, त्यासाठी आधी मृत जनावराच्या अवयवांवर आणि मग जिवंत गाईंवर पुनःपुन्हा सराव लागतो. नत्राचे पात्र कोपऱ्यात रिकामे पडलेले असेल तर त्या संस्थेत हे कौशल्य येणार नाही. तीच गोष्ट लसींची: त्या २ ते ८ अंशांत ठेवलेल्या आहेत का, आणि शीतपेटीच्या तापमानाची नोंद विद्यार्थी स्वतः ठेवतात का, हे पाहावे.

विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी पालक क्वचितच विचारतात, आणि याची मला खरोखर काळजी वाटते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देण्याची ब्रुसेलोसिसची (गाभण जनावरांचा गर्भपात घडवणाऱ्या रोगाची) लस जिवंत जंतूंची असते. तिची सुई चुकून स्वतःला टोचली तर माणसालाही संसर्ग होऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा पुरवतात का, विद्यार्थ्यांना रेबीजची प्रतिबंधक लस आधीच देतात का, हे स्पष्ट विचारावे. उत्तर टाळणाऱ्या संस्थेत मुलांना पाठवू नये.

आपल्या जिल्ह्याचे पशुधनही लक्षात ठेवावे. निफाड-सिन्नरच्या गोठ्यांतील संकरित गाई, इगतपुरीच्या पावसात टिकणारी डांगी गुरे आणि संगमनेरी शेळ्या यांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. प्रात्यक्षिकाचा काही काळ नाशिक जिल्ह्यातील शासकीय दवाखान्यात काढू देणारी संस्था मिळाली, तर थोडे जास्त शुल्कही सोसावे. मात्र शहरातील कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात काम करायचे असेल तर गोठ्याइतकेच महत्त्व शस्त्रक्रियेची तयारी, भूल दिलेल्या प्राण्यावरील देखरेख आणि क्ष-किरण यांच्या सरावाला द्यावे. पेट क्लिनिक असिस्टंटसारख्या खासगी अल्प अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र कायद्यातील सवलतीसाठी चालेलच असे गृहीत धरू नये.

परदेशाचे स्वप्न असेल तर तिथला मार्ग निराळा आहे: अमेरिकेत या अभ्यासक्रमांना तेथील पशुवैद्यक संघटना मान्यता देते आणि बहुतेक राज्यांत स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे आपली पदविका तिथे थेट उपयोगी पडत नाही.

पैसे भरण्यापूर्वी वसतिगृह, परीक्षा आणि प्रात्यक्षिक यांचे शुल्क लेखी घ्यावे आणि मूळ गुणपत्रिका परत कधी मिळतील हे विचारावे. शेवटी, संस्थेने निवडलेले नव्हे तर आपण शोधलेले दोन-तीन माजी विद्यार्थी गाठावेत. नोकरी लागली का, एवढाच प्रश्न पुरेसा नाही; कामाच्या पहिल्या आठवड्यात कोणते काम कोणाच्या मदतीशिवाय जमले आणि कोणते पुन्हा शिकावे लागले, हे त्यांच्याकडून ऐकावे.