'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' : माझी चूक कशी सुटली

कळंगुटला हॉटेलच्या रिसेप्शनवर पाहुण्यांना मेल लिहायचं काम माझं. 'वुई आर लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू', 'यू विल एन्जॉय टू स्विम हिअर' : मॅनेजर दर वेळी लाल खूण करायचे, नियम मात्र सांगायचे नाहीत. फार मनाला लागायचं.

आधी कुठल्या क्रियापदापुढे 'टू' आणि कुठल्यापुढे आयएनजी (-ing), याच्या याद्या पाठ केल्या. म्हापसा ते कळंगुट कदंब बसमध्ये बसून घोकल्या, आठवड्यात विसरल्या. मग सगळीकडे आयएनजी लावलं, तर 'वॉन्ट गोइंग' झालं.

मूळ आपल्या मराठीत होतं. 'पोहायला आवडतं' यातल्या '-आयला'चं मी डोळे मिटून 'टू' करत होते.

आता आधी 'टू'नंतरचं क्रियापद काढून तिथे 'इट' (it, म्हणजे 'ते') ठेवते. 'लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणजे हा 'टू' शब्दयोगी; पुढे 'मीटिंग'. 'वॉन्ट टू इट' चालत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'. 'आय अ‍ॅम यूज्ड टू वेकिंग अर्ली' आणि 'आय यूज्ड टू वेक अर्ली' हा घोळही यानेच सुटतो.

'टू' लावायचाच की नाही, ही शंका असेल तर एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट, माइंड यांच्यापुढे आयएनजी. एवढी पाचच पाठ केली.

शेवटी 'स्टॉप'. इथे दोन्ही रूपं बरोबर, अर्थ वेगळे. 'स्टॉप्ड टू ईट' (eat) म्हणजे जेवायला थांबलो. 'स्टॉप्ड ईटिंग' म्हणजे खाणं थांबवलं. इथे मात्र मराठीच वाट दाखवते: '-आयला' आलं तर 'टू', '-णं' आलं तर आयएनजी.